लाव्हावरच्या गोगलगायी

राहूत विहीर खणायला घेतली की काळी माती, चुनखडीची खडी आणि मुरूम मागे टाकून माणसे काळ्या पाषाणाला लागतात. मधूनच पांढऱ्या गारांनी भरलेला मऊ थर येतो. त्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात आणि पाण्याची आशाही बहुधा त्याच्याच आसपास धरतात. दौंड तालुक्याच्या उत्तरेला, मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. भीमेच्या पलीकडे शिरूर तालुका. ऊस, गुऱ्हाळे, उसात दडणारे बिबटे आणि पुण्याहून वाहत येणारे मैलापाणी, एवढीच या भागाची ओळख वर्तमानपत्रांतून होते. ज्वालामुखीच्या बेटांवरच्या गोगलगायींचे प्रकरण इथून सुरू करण्याचे कारण जमिनीखाली आहे. ज्या तप्त स्रोताने राहूखालचा पाषाण ओतला, त्यानेच पुढे मॉरिशस आणि रियुनियन ही बेटे घडवली.

दख्खनचा हा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेला. झिजून, वाहून जाऊनही आज त्याने पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन व्यापली आहे. सह्याद्रीत तो सर्वांत जाड, आणि पूर्वेला विदर्भाकडे जावे तसतसा पातळ. त्या वेळी भारत आशियाला जोडलेला नव्हता. मादागास्कर त्याच्यापासून केव्हाच तुटले होते, सेशेल्स तुटण्याच्या बेतात होते आणि हिमालयाचा पत्ताही नव्हता. चहूबाजूंनी समुद्र आणि मधोमध उसळणारा लाव्हा: आजचा महाराष्ट्र तेव्हा एका अजस्र ज्वालामुखी बेटाचाच भाग होता. पुढे भूपट्ट उत्तरेला सरकत गेला आणि तप्त स्रोत खाली जागच्या जागी राहिला. त्याच्या वरून सरकलेल्या समुद्रतळावर लक्षद्वीप ते चागोस ही रांग उमटली, मग 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले, आणि सर्वांत शेवटी रियुनियन. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार लाव्हा ओकतो.

गोगलगायीच्या दृष्टीने बेट ही मोठी विचित्र जागा आहे. तिला मीठ सोसत नाही, ऊन सोसत नाही आणि चालण्याचा वेग तर सगळ्यांना ठाऊक. तरीही जगातल्या अगदी एकाकी ज्वालामुखी बेटांवरही गोगलगायी आहेत. वाहत जाणारे ओंडके, वादळात उडालेली पाने आणि पक्ष्यांच्या पायांना चिकटलेला चिखल ही त्यांची वाहने. जपानच्या ओगासावारा द्वीपसमूहात तर संशोधकांनी चष्मेवाल्या पक्ष्यांना इवल्याशा गोगलगायी खाऊ घालून पाहिल्या. शंभरातल्या पंधराएक गोगलगायी पक्ष्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडल्या आणि एकीने तर बाहेर आल्यावर पिल्ले दिली. हा प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला.

असा योग हजारो-लाखो वर्षांतून एखाद्या वेळी येतो. जी पोहोचते तिचे वंशज एकेका दरीत अडकून पडतात, कारण मधला कोरडा कडा ओलांडणे त्यांना जमत नाही. पिढ्यामागून पिढ्या गेल्या की दरीगणिक वेगळी प्रजाती उभी राहते. हवाई बेटांवर जमिनीवरच्या गोगलगायींच्या साडेसातशेहून अधिक प्रजाती होत्या. ओआहू बेटावर जॉन गुलिक नावाच्या मिशनरी घरातल्या मुलाने एकोणिसाव्या शतकात झाडांवरच्या रंगीत गोगलगायी गोळा केल्या, तेव्हा शेजारशेजारच्या दऱ्यांतले शंख वेगवेगळे असल्याचे त्याच्या लक्षात आले. हवामान तेच, झाडे तीच, तरी शंख निराळे. वेगळे पडणे हेच नव्या प्रजातीचे एक कारण असते, हा विचार पुढे उत्क्रांतीच्या अभ्यासात पक्का रुजला. त्याच्या मुळाशी या गोगलगायी होत्या.

मग दख्खन जेव्हा स्वतःच बेट होते, तेव्हा त्यावर काय राहत होते? याचे उत्तर नागपूरकडे मिळते. सगळा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर ओतून झाला की मध्ये मोठी उसंत मिळे. त्या उसंतीत माती धरे, तळी साचत, झाडे येत, आणि मग पुढचा लाव्हा येऊन सगळे झाकून टाकी. दोन लाव्हांमध्ये दाबल्या गेलेल्या या गाळाच्या थरांत शंख, शिंपले, बिया, माशांचे खवले आणि बेडकांची हाडे दगड होऊन राहिली आहेत. मुंबईत वरळीला सापडलेला इवलासा अश्मीभूत बेडूक अशाच थरातला.

नागपूरचे हे थर जगापुढे आणले स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. आज हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव नागपूरकरांच्या तोंडी असते, पण हा माणूस धर्मप्रसाराइतकाच दगडांच्या मागे होता, हे फार जणांना ठाऊक नसते. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्याने टाकळीच्या परिसरातले जीवाश्म जमवले. 1860 साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात त्याने त्या शंखांची रीतसर वर्णने छापली. तीनच वर्षांनी, 4 सप्टेंबर 1863 रोजी, टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला.

त्या शंखांमधला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फायसा प्रिन्सेपी. त्याचे नामकरण हिस्लॉपच्याही आधी, 1840 साली, सोवर्बी या इंग्रज शंखतज्ज्ञाने केले होते. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचे नाव त्याला दिले. शंख अंगठ्याएवढा, फुगीर आणि डावखुरा: टोक वर धरून पाहिले तर तोंड डाव्या हाताला येते. बहुतेक गोगलगायी उजव्या, त्यामुळे डावी दिसली की फायसा वंशाची आठवण होणे साहजिक होते. पण फायसाचे सख्खे नातलग मुख्यतः अमेरिका आणि युरोपकडचे. इतक्या जुन्या काळी ते दख्खनच्या तळ्यात काय करत होते, हा प्रश्न छळत राहिला. म्हणून काही अभ्यासकांनी या जीवाश्माला प्लॅटीफायसा असा स्वतंत्र वंश दिला. जीवाश्मात मांस उरत नाही. हातात फक्त कवच असते आणि कवचावरून नाते सांगणे किती धोक्याचे असते, ते पुढे येईलच.

या थरांची मला वाटणारी मौज अशी, की ती तळी म्हणजे लाव्हाच्या काळ्या माळावरची ओली बेटेच होती. एकात आहेत ते शंख दुसऱ्यात असतीलच असे नाही. तरीही काही प्रजाती लाव्हाच्या थराखालीही सापडतात आणि थरांच्या मध्येही. डायनासोर ज्या काळात संपले, त्याच काळात दारात ज्वालामुखी पेटलेला असताना गोड्या पाण्यातल्या गोगलगायी निदान सुरुवातीला तरी तग धरून होत्या. जोसेफ हार्टमन आणि धनंजय मोहबे यांच्यासह काही संशोधकांनी हे मांडले आहे.

आता जिवंत गोगलगायींकडे येऊ. विल्यम ब्लॅनफर्ड 1855 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला आला. हातोडा घेऊन दख्खनचा पाषाण तपासणे हे त्याचे काम, पण नजर दगडावर चिकटलेल्या जिवांवरही असे. 1863 सालीच त्याने सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर राहणाऱ्या दोन गोगलगायींची वर्णने प्रसिद्ध केली. एकीचे नाव लिथोटिस रुपिकोला, दुसरीचे क्रेम्नोबेटिस सिहाद्रेन्सिस. सह्याद्रीचे नाव असे मोडकेतोडके होऊन प्राणिशास्त्रात गेले आणि नियमानुसार तसेच राहिले. चुकीचे स्पेलिंग मनाला येईल तसे दुरुस्त करता येत नाही. वंशाचे नाव मात्र बदलावे लागले, कारण क्रेम्नोबेटिस हे नाव त्याआधीच एका माशाला दिलेले निघाले. प्राणिजगतात एक नाव एकाच वंशाला, आणि आधी येईल त्याचा हक्क. म्हणून 1869 मध्ये ब्लॅनफर्डने क्रेम्नोकाँकस हे नाव दिले.

ही क्रेम्नोकाँकस म्हणजे सह्याद्रीतले खरे नवल. तिचे कूळ लिटोरिनिडे, समुद्रकाठचे. कोकणात भरतीच्या रेषेवरच्या खडकांना आणि खाडीतल्या कांदळवनाला चिकटून बसलेल्या लहान गोगलगायी याच कुळातल्या. या अख्ख्या कुळातून गोड्या पाण्यात शिरलेला हा एकच वंश आणि तो राहतो समुद्रापासून दूर, घाटातल्या धबधब्यांच्या तुषारांत भिजणाऱ्या कड्यांवर. जेमतेम सेंटिमीटरभर शंख, तोंडाला शिंगासारख्या पदार्थाचे झाकण. पावसाळ्यात ओल्या कातळावरचे शेवाळ खरवडून खायचे आणि पाऊस गेला की फटीत शिरून, झाकण मिटून, पुढच्या जूनची वाट पाहायची. तुमच्या-आमच्या डोळ्यांना पावसाळी सहलीत दिसणारा तो काळा ओला कडा तिच्यासाठी बेट आहे. दोन धबधब्यांमधल्या कोरड्या रानातून तिला जाता येत नाही.

ब्लॅनफर्डनंतर दीडशे वर्षे या वंशाकडे फारसे कोणी पाहिले नाही. एकोणिसाव्या शतकातल्या तीन प्रजाती पुस्तकांत नोंदलेल्या होत्या, तेवढ्याच. मग लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे डेव्हिड रीड, बंगळुरूच्या अशोका ट्रस्टचे एन. ए. अरविंद आणि एन. ए. मध्यस्थ यांनी धबधबे पालथे घातले. 2013 साली त्यांचा शोधनिबंध आला, तेव्हा प्रजातींची संख्या नऊ झाली होती. त्यातल्या सहा सर्वस्वी नव्या आणि त्या कर्नाटकातल्या आगुंबे-कोल्लूर भागातल्या. एकीचे नाव आगुंबेन्सिस, एकीचे हनुमानी. समुद्र सोडून वर आलेल्या एका वंशाचा घाटात असा विस्तार झाला होता आणि तो कोणाच्या गावी नव्हता.

नवी प्रजाती सापडली अशी बातमी येते, तेव्हा कोणीतरी दगड उचलला आणि खाली अनोळखी जीव निघाला, असे चित्र मनात उभे राहते. दगड उचलण्याचा भाग सर्वांत सोपा. पहिला पाऊस पडून रान ओले झाले की रात्री बॅटरी घेऊन निघायचे, झाडांच्या बुंध्यांवर आणि पानांच्या खाली पाहायचे. पालापाचोळा चाळायचा आणि खाली पडलेला भुगा पांढऱ्या ताटात पसरून भिंगाखाली निवडायचा, कारण जंगलातल्या कितीतरी गोगलगायी दोन-तीन मिलिमीटरच्या असतात. प्रत्येक नमुन्यासोबत ठिकाण, उंची, तारीख आणि कशावर सापडली याची चिठ्ठी. ही चिठ्ठी हरवली की नमुना कवडीमोल. जुन्या संग्रहालयांतल्या कित्येक शंखांवर नुसते ‘इंडिया’ एवढेच लिहिलेले आहे. त्यांचे आता काय करायचे?

पुढचे काम नाजूक. गोगलगाय थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर आक्रसून शंखात जाते आणि घट्ट गोळा होते. तिला कापून काहीच दिसत नाही. म्हणून उकळून गार केलेल्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटलीत तिला रात्रभर ठेवतात. हवा नसल्याने ती अंग बाहेर काढून शिथिल होते आणि तशीच मरते. आधी पायाचा इवला तुकडा डीएनएसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा काढायचा, मग बाकीचा देह जतन करायचा.

शंखाची मापे सगळ्यांत आधी घेतात: उंची, रुंदी, वेढे किती, मुखाचा आकार, काठ जाड की पातळ, बुडाशी नाभी उघडी की झाकलेली, अगदी टोकावरच्या बालपणीच्या वेढ्यावर रेषा आहेत की तो गुळगुळीत आहे. जुन्या काळी वर्गीकरण इथेच थांबत असे. पण शंख फसवतो. चुन्याची वाण असलेल्या जागी त्याच प्रजातीचा शंख पातळ आणि लहान होतो. उलट एकमेकींशी काडीचे नाते नसलेल्या दोन गोगलगायी सारख्याच परिस्थितीत राहून सारखेच शंख घडवतात. ब्लॅनफर्डच्या पिढीने शंख पाहून ठेवलेली कितीतरी नावे पुढच्या पिढ्यांनी एकत्र केली किंवा फोडली. यात त्यांचा दोष नाही; त्यांच्याकडे कवचापलीकडे फारसे काही पोहोचतच नव्हते.

आत डोकावले की खरे वेगळेपण दिसते. गोगलगायीच्या तोंडात किसणीसारखी एक पट्टी असते. तिच्यावर सूक्ष्म दातांच्या रांगांमागून रांगा. डोक्याचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवला की मांस विरघळते आणि ही पट्टी उरते. ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की मालकिणीचे जेवण कळते. शेवाळ खरवडणारीचे दात आखूड, रुंद आणि पुष्कळ. दुसऱ्या गोगलगायींना खाणारीचे लांब, टोकदार, सुऱ्यांसारखे. त्यानंतर जननसंस्था. जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायी नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे ही यंत्रणा भलतीच गुंतागुंतीची असते. बाहेरून जुळ्या वाटणाऱ्या दोन प्रजाती इथे हमखास वेगळ्या पडतात. या नळ्यांची चित्रे काढणे हे अजूनही या विषयातले सर्वांत कौशल्याचे काम आहे आणि ते शिकवणारी माणसे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

मग डीएनए. सीओआय नावाच्या जनुकाचा तुकडा वाचतात आणि इतर प्रजातींशी ताडून पाहतात. हा कस लावला की निकाल लागला, असे अनेकांना वाटते. गोगलगायींच्या बाबतीत तसे होत नाही. त्या इतक्या कमी हलतात की एकाच प्रजातीच्या दोन टेकड्यांवरच्या वस्त्यांमध्येही डीएनए बराच वेगळा निघतो. फरक अमुक टक्के आला की नवी प्रजाती, असा आकडा ठरवता येत नाही. शंख, दात, जननसंस्था, डीएनए आणि राहण्याची जागा, सगळे पुरावे समोर ठेवून अखेर माणसालाच निवाडा करावा लागतो.

निवाडा झाला तरी नाव लगेच देता येत नाही. हीच प्रजाती 1870 मध्ये कोणी वेगळ्या नावाने नोंदवलेली नाही ना, हे पाहावे लागते. त्यासाठी मूळ नमुने हवेत आणि भारतातल्या गोगलगायींचे मूळ नमुने मोठ्या संख्येने लंडनला आहेत. आंबोलीतल्या जिवाची ओळख पटवायला विलायतेच्या कपाटातला शंख पाहावा लागतो, हा वसाहतकाळाचा वारसा अजून फिटलेला नाही. आता छायाचित्रे मिळतात, सहकारी मिळतात, पण वेळ जातोच. शेवटी एक नमुना त्या नावाचा आधार म्हणून निवडायचा, तो सार्वजनिक संग्रहालयात जमा करायचा आणि वर्णन प्रसिद्ध करायचे. तेव्हा कुठे नाव कायम होते.

या सगळ्या वाटेवरून गेलेले अलीकडचे मराठी उदाहरण म्हणजे वराडिया अंबोलिएन्सिस. अमृत भोसले, तेजस ठाकरे, मुळे आणि लंडनचे दिनारझार्दे रहीम यांनी 2021 साली तिचे वर्णन केले. नुसती नवी प्रजातीच नव्हे, तर तिच्यासाठी नवा वंशच करावा लागला. तो सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांच्या नावाने. ही अर्धी गोगलगाय आणि अर्धी शेंबडी, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय: शंख आहे, पण इतका आखूड की अंग त्यात मावत नाही. अशा प्राण्याचा शंख पाहून फारसे कळत नाही, त्यामुळे आतल्या रचनेला महत्त्व आले. ठाकरे-भोसले यांच्याच गटाने वेल्सच्या संग्रहालयातले बेन रोसन यांच्यासह सह्याद्रीतल्या मांसाहारी गोगलगायींच्याही नव्या प्रजाती नोंदवल्या. त्यांपैकी हॅप्लोप्टीकिअस सह्याद्रिएन्सिस एक. शंखाचा शेवटचा वेढा एका बाजूला सरकलेला, जणू कोणी बोटाने ढकलला असावा. तिच्या स्ट्रेप्टॅक्सिडे कुळाची गंमत अशी, की त्याचे एक घर मॉरिशस आणि आसपासच्या बेटांवरही आहे.

नावे ठेवण्याच्या या उद्योगाचा सामान्य माणसाला काय उपयोग, असे विचारणाऱ्यांसाठी गिमवीची गोष्ट पुरेशी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात काही लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. 1952 साली गाडगीळ आणि शाह यांनी दाखवून दिले, की हा शिस्टोसोमा या चपट्या कृमीचा आजार आहे. आफ्रिकेत हा कृमी बुलिनस वंशाच्या गोगलगायीत वाढतो. ती गोगलगाय इथे नव्हती. मग इथे कृमी वाढतो कोणात? संशोधकांनी गावच्या पाण्यातल्या सगळ्या गोगलगायी तपासल्या आणि बोट दाखवले ते फेरिसिया टेन्युइसकडे, दगडाला टोपीसारख्या चिकटणाऱ्या, काही मिलिमीटरच्या एका जिवाकडे. कोणती गोगलगाय हे नीट ओळखल्याशिवाय रोगाची साखळी तोडता येत नाही.

आता राहूकडे वळू. इथल्या पाटात, बंधाऱ्यात किंवा जलपर्णीच्या मुळांत नवी प्रजाती सापडेल काय? स्पष्ट सांगायचे तर जवळजवळ नाही. नदी वेगळे पाडत नाही, जोडते. दरवर्षीचा पूर वरच्या गोगलगायी खाली आणून सोडतो, पाट एका शिवारातल्या दुसऱ्यात नेतो. त्यामुळे इथे भेटतात त्या भारतभर पसरलेल्या: पट्टेरी गोल शंखाची बेलामिया, लांब सुईसारखी मेलॅनॉइडिस, पातळ तपकिरी लिम्निया, आणि चपट्या चकतीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस. या शेवटच्या बाईपासून जनावरे राखणाऱ्यांनी सावध असावे. गुरांना होणारे शिस्टोसोमाचे आजार ती पसरवते आणि तिच्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पायांना खाज सुटते. पुण्याच्या गोड्या पाण्यातल्या या प्राण्यांवर टोणपी आणि मुळहेरकर यांनी 1963 मध्ये लिहिले होते, आणि 1979 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या सुब्बा राव आणि मित्रा यांनी पुणे जिल्ह्यातल्या जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या गोगलगायी एकत्र नोंदवल्या.

त्यांच्या जोडीला मैलापाण्यात खुशाल जगणारी एक परदेशी गोगलगाय भारतात पसरली आहे, फायसेला अक्यूटा. मूळ उत्तर अमेरिकेची. डावखुरी. दख्खनच्या जीवाश्मी तळ्यांत जे नाते चुकून लावले गेले, ते आता खरोखरच इथे येऊन राहिले आहे.

पण राहूच्या शेतकऱ्याला गोगलगाय म्हटले की आठवते ती शंखी गोगलगाय, म्हणजे लिसाकॅटिना फुलिका. ती पूर्व आफ्रिकेची. माणसांबरोबर ती मादागास्करला आणि तिथून 1800 च्या सुमारास मॉरिशसला पोहोचली. विल्यम बेन्सन हा बंगालच्या मुलकी सेवेतला अधिकारी शंखांचा मोठा जाणकार होता. आपल्या कितीतरी गोगलगायींची शास्त्रीय नावे त्यानेच ठेवली. 1847 साली त्याने मॉरिशसहून काही जिवंत शंखी कलकत्त्याला आणल्या आणि त्या चौरंगीतल्या एका बागेत सुटल्या. वर्गीकरणाच्या इतिहासातला हा सर्वांत महाग पडलेला छंद असावा. आज ती देशभर आहे. एका खेपेला शे-दोनशे अंडी, वर्षातून अनेक खेपा, कोरड्यात शंखाचे तोंड बंद करून महिनोन्महिने दम धरण्याची ताकद. शंखासाठी लागणारा चुना आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत मुबलक. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद भागात तिने सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले आणि लोकांना दुबार पेरणी करावी लागली.

मॉरिशसनेही तिला आवरण्यासाठी उपाय केला होता. 1960 च्या सुमारास फ्लोरिडाकडची यूग्लँडिना ही मांसाहारी गोगलगाय तिथे आणून सोडली. शंखी मोठी, तिला खायला वेळ लागतो. यूग्लँडिनाने लहान देशी गोगलगायींकडे मोर्चा वळवला. ताहिती आणि मोरेआ बेटांवर हाच उद्योग 1970 च्या दशकात झाला आणि तिथल्या पार्तुला गोगलगायींच्या बहुतेक प्रजाती काही वर्षांत रानातून संपल्या. मॉरिशसची मूळ जंगले आधीच गेली होती. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेले मराठी मजूर ज्या उसाच्या मळ्यांत राबले, ते मळे ही जंगले तोडूनच झालेले. चांगले मूळ जंगल आज जेमतेम दोन टक्के उरले आहे. तिथल्या देशी गोगलगायींच्या सव्वाशेच्या आसपास प्रजातींपैकी सुमारे एक तृतीयांश नाहीशा झाल्या. त्यात कुबड असलेल्या शंखाची गिबस लायोनेटिआनस होती. स्ट्रेप्टॅक्सिडे कुळाची, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या मांसाहारी गोगलगायीची चुलत बहीण. क्वचित उलटेही घडते: 1878 पासून न दिसलेली ओम्फालोट्रोपिस प्लिकोसा ही गोगलगाय मॉरिशसमध्ये या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा सापडली. हवाईतल्या अकॅटिनेला अपेक्सफुल्वाची शेवटची गोगलगाय मात्र 1 जानेवारी 2019 रोजी पिंजऱ्यात मेली. तिला सांभाळणाऱ्यांनी तिचे नाव जॉर्ज ठेवले होते.

म्हणून शेतात शंखी दिसली तर ती जरूर गोळा करा, पण आधी ओळखा. पूर्ण वाढलेली शंखी बोटाएवढी लांब किंवा त्याहून मोठी, शंकूसारख्या शंखाची, अंगावर तपकिरी ज्वालांसारखे पट्टे असलेली असते. हातमोजे घालून वेचा, कारण तिच्यातला एक कृमी माणसाच्या मेंदूला सूज आणू शकतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर टाका, सकाळी खाली जमलेल्या शंखी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. दुसरी कोणतीही गोगलगाय आणून सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जंगलात, घाटातल्या कड्यावर किंवा देवराईत अनोळखी लहान गोगलगाय दिसली तर ती उचलू नका. वरून, बाजूने आणि तोंडाकडून असे तीन फोटो काढा, ठिकाण आणि तारीख लिहा आणि आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. सह्याद्रीतले कित्येक कडे अजून कोणी नीट तपासलेले नाहीत, आणि ते तपासणारे अभ्यासक मोजकेच आहेत. त्यांना तुमच्या नोंदींची गरज आहे.